शंभर मीटरच्या आतले पोहे

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत मी बावीस वर्षं राहतो. तीन इमारती, मधे बॅडमिंटन कोर्ट, कोर्टाच्या कडेला क्लबहाऊस. यंदाच्या, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आमच्या क्लबहाऊसमध्येच मतदान केंद्र आलंय. लोकांना आनंद झालाय, मला डोकेदुखी झालीय.

आमचे सेक्रेटरी एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. माणूस सोन्यासारखा. कोविडमध्ये रात्री दोन वाजता माझ्या बायकोला त्यांनीच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. पण केंद्र आल्यापासून त्यांच्या अंगात आलंय. मंगळवारी १९ ला संध्याकाळी क्लबहाऊससमोर सुगम संगीत आणि 'आपल्या उमेदवारांची स्नेहभेट'. बुधवारी सकाळपासून पायरीवर चहा-पोहे. चार आज्जींना ते स्वतः हाताला धरून आत नेणार, शेजारच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांसाठी रिक्षा लावणार. लोकसभेला आमचं केंद्र शाळेत होतं, तेव्हा हे लिफ्टपाशी उभं राहून प्रत्येकाला म्हणत होते, "लक्षात आहे ना?" यंदाही म्हणणार. मी विरोध केला तर म्हणतात, "आपलीच सोसायटी, आपलंच क्लबहाऊस, अडवणार कोण?" मला इतका संताप आलाय की लिफ्टमध्ये भेटेल त्याला मी सांगतो, यांचा माणूस सोडून कोणालाही द्या.

यातलं काय चालतं, काय नाही? ॲपवरून तक्रार करू का? का गेटवर एक पाटी लावू? मजकूर तयार आहे: 'येथे मत मागून मिळत नाही. पोहेही.'

– एक त्रस्त सभासद

ता. क. : तुमचं सदर सौ. मला बाल्कनीत वाचून दाखवते. समोरच क्लबहाऊस दिसतं. दिवाळीचा कंदील अजून आहे, त्याच्या उजेडात वाचन बरं होतं. फुकटचा आहे, एका इच्छुकाने आचारसंहितेआधी घरोघर वाटला होता, वर त्याचं चिन्ह आहे, पण कंदील मजबूत आहे.

---

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ताज्या कलमासाठी. त्याकडे येतेच, पण आधी सेक्रेटरींचा हिशोब करू.

मी नोकरीत असताना निवडणुकीची ड्यूटी चार वेळा केली आहे. पेठेतल्या शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून, यादीत नाव शोधायचं आणि मोठ्यांदा वाचायचं हे माझं काम. आदल्या संध्याकाळी आमचं पथक पोचलं की एक शिपाई टेप आणि चुन्याची फक्की घेऊन रस्त्यावर रेघ मारायला जायचा. शंभर मीटर. त्या रेघेबाबत लोकांचा एक मोठा गैरसमज मी तेव्हापासून बघत आले आहे. लोकांना वाटतं की ही मनाई रस्त्यावर आहे, फुटपाथवर आहे, फार तर शाळेच्या मैदानात आहे. घरात कोण येतंय बघायला?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१, कलम १३०. मतदानाच्या दिवशी केंद्रात, किंवा केंद्रापासून शंभर मीटरच्या आतल्या कोणत्याही सार्वजनिक वा खासगी जागेत, मतांसाठी प्रचार करायचा नाही. 'खासगी' हा शब्द कायद्यातलाच आहे. शंभर मीटर म्हणजे सव्वातीनशे फुटांच्या वर. बॅडमिंटनचं कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या तिन्ही इमारती त्या वर्तुळाच्या पोटात सहज बसतात. म्हणजे बुधवार, २० नोव्हेंबरला तुमची लिफ्ट, तुमचा जिना, पार्किंग, गच्ची, आणि हो, बाल्कनी, सगळं कलम १३० खाली येतं. शाळेतल्या केंद्रात हा प्रश्न फारसा येत नव्हता, कारण शाळेत कोणी राहत नाही. मे महिन्यात पुणे लोकसभेला मतदान त्रेपन्न टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. शहरी माणूस केंद्रापर्यंत जात नाही म्हणून आता केंद्रच त्याच्या दारात आलंय. सोय चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण केंद्र दारात येतं तेव्हा ती फक्कीची रेघही घरात येते, हे कोणी कोणाला सांगितलेलं दिसत नाही.

आता "लक्षात आहे ना?" हा प्रचार का? सेक्रेटरी म्हणतील, मी कोणाचं नाव घेतलं? अहो, बावीस वर्षं ज्या माणसाच्या गाडीवर एकाच पक्षाचं स्टिकर आहे, त्यानं मतदानाला निघालेल्या माणसाकडे बघून "लक्षात आहे ना?" विचारलं तर ते काय गॅसचा बर्नर बंद केल्याचं विचारतोय? माझ्या मते तो प्रचारच. दंड मात्र ऐकण्यासारखा आहे. कमाल अडीचशे रुपये. पुण्यात आज तेवढ्यात चौघांची मिसळ होत नाही. पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसाला वॉरंटची वाट बघावी लागत नाही. अडीचशे रुपये कोणीही भरेल. नातवंडांसमोर गेटवरून जीपमध्ये बसणं कोणाला परवडेल?

मंगळवारचं सुगम संगीत. हे प्रकरण लिफ्टपेक्षा पुष्कळ गंभीर आहे. मतदान बुधवारी संध्याकाळी सहाला संपतं. त्याआधीचे अठ्ठेचाळीस तास, म्हणजे सोमवारी १८ तारखेला संध्याकाळी सहापासून पुढे, कलम १२६ लागू. जाहीर सभा नाही, मिरवणूक नाही, आणि प्रचारासाठी लोक जमवायला गाण्याचा किंवा करमणुकीचा कार्यक्रमही नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी तुमच्या सेक्रेटरींना बघून लिहिल्यासारखं हे कलम आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सभेबाबत तर भरवणाऱ्यापुरतंच नाही. हजर राहणाराही त्यात येतो. तेव्हा तबलजीपासून पहिल्या रांगेतल्या वहिनींपर्यंत सगळ्यांना आधीच कळवलेलं बरं. त्या अठ्ठेचाळीस तासांत दोघा-चौघांनी शांतपणे दार वाजवून मत मागायला हरकत नसते. पण तेही मंगळवारी रात्रीपर्यंतच. बुधवारी तुमच्या आवारात तेही नाही.

तसंही मंगळवारी संध्याकाळी क्लबहाऊस तुमचं नसेलच. मतदान पथक त्याच दिवशी यंत्रं घेऊन मुक्कामाला येतं. "आपलंच क्लबहाऊस" हे वाक्य त्या घटकेपासून बुधवारी रात्री यंत्रं सील होऊन जाईपर्यंत रद्द. केंद्रासाठी जागा ताब्यात घ्यायचा अधिकार सरकारला त्याच कायद्याच्या कलम १६० नं दिलाय, आणि आत कोणी यायचं त्याची यादी निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये आहे: मतदार, मतदान कर्मचारी, ड्यूटीवरचे सरकारी लोक, आयोगानं परवानगी दिलेले, उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी आणि एक मतदान प्रतिनिधी, कडेवरचं मूल, आणि अंध किंवा अपंग मतदाराचा सोबती. यजमान म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी त्या यादीत नाही. सेक्रेटरी आत जाणार तो एकदा, स्वतःचं मत द्यायला, रांगेत उभा राहून. त्या दिवशी घरमालक म्हणजे मतदान केंद्राध्यक्ष. तो बहुधा कुठल्यातरी खात्यातला साधा कारकून किंवा माझ्यासारखा शिक्षक असतो, आणि त्यानं बाहेर जा म्हटल्यावर जावं लागतं. परवानगीशिवाय परत आत शिरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आज्जींना हाताला धरून आत नेणं. इथे मला सेक्रेटरींबद्दल थोडी माया वाटली, कारण हेतू निम्मा तरी चांगला असेल. पण नियम सोबत्याचा आहे आणि नेमका आहे. ज्याला दिसत नाही किंवा अपंगत्वामुळे स्वतःच्या हातानं मत देता येत नाही त्याला अठरा पूर्ण झालेला एक सोबती आत नेता येतो. त्या सोबत्यानं लिहून द्यायचं असतं की मी मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कोणाचा सोबती झालेलो नाही. एका दिवशी एकालाच. चार आज्जींना एक सेक्रेटरी हे गणित तिथंच मोडतं. नुसत्या गुडघेदुखीवाल्या आज्जींना तर यंत्रापर्यंत सोबती लागतही नाही. दारापर्यंत आधार द्यावा, पुढे त्यांचं त्या बघतील. आज्जींची नातवंडं आहेत ना घरात? त्यांना कामाला लावा. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि चाळीस टक्के वा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरी बसून मत देता येतं, पण त्यासाठीचा १२-ड अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा असतो. ती मुदत गेली. पुढच्या वेळी सेक्रेटरींनी हा अर्ज वेळेवर घरोघर पोचवला तर चाळीस प्लेट पोह्यांपेक्षा ते मोठं काम होईल.

रिक्षा तर अजिबात नको. मतदारांना फुकट आणायला उमेदवारानं, किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कोणी, वाहन भाड्यानं लावणं हा कायद्याच्या भाषेत भ्रष्ट आचार आहे. म्हणजे निवडून आलेल्याची निवडणूकसुद्धा त्यावरून कोर्टात जाऊ शकते. ज्या माणसासाठी सेक्रेटरी धावतायत त्याच्याच पायात ही रिक्षा अडकेल, हे त्यांना याच शब्दांत सांगा, पटकन पटेल. चाळीतल्या आजोबांनी स्वतःच्या पैशानं रिक्षा केली तर कोणाचीच ना नाही.

उरले पोहे. तुम्हाला वाटेल की पोह्यांत काय एवढं. जुन्या दंडसंहितेतही होतं आणि जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे: मतासाठी खाऊपिऊ घालणं हा लाचेचाच एक प्रकार. कलम १७० आणि १७३. खाण्यापिण्याच्या लाचेला कैद नाही, फक्त दंड. एवढी सवलत कायद्यानं आपल्या पाहुणचाराला दिली आहे. आता सोसायटीनं सगळ्यांसाठी पाण्याचं पिंप, खुर्च्या, मंडप ठेवला तर तो प्रचार नाही. पण एका पक्षाचा माणूस केंद्राच्या पायरीवर उभा राहून गरम पोहे वाढतोय, त्यावर लिंबाची फोड ठेवतोय आणि "या या" म्हणतोय, तेव्हा ते पोहे सोसायटीचे राहत नाहीत. त्यांना टेबल मांडायचंच असेल तर उमेदवाराच्या वतीनं, यंदाच्या म्हणजे २०२४ च्या नियमानं, दोनशे मीटरच्या पलीकडे, परवानगी काढून: एक टेबल, दोन खुर्च्या, वर छत्री किंवा ताडपत्री. तिथून मतदाराला देण्याची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तिच्यावर नाव नाही, चिन्ह नाही. पोहे तिथेही नाहीत.

सेक्रेटरींचं झालं. आता तुमचं.

कलम १३० मध्ये मत मागण्याच्या जोडीला आणखी काही गोष्टी लिहिल्या आहेत. अमुक उमेदवाराला मत देऊ नका असं सांगणं. मतदानच करू नका असं सांगणं. आणि अधिकृत सूचनेखेरीज निवडणुकीसंबंधी कोणतीही पाटी किंवा खूण दाखवणं. "यांचा माणूस सोडून कोणालाही द्या" हे बुधवारी लिफ्टमध्ये म्हणालात तर तुम्ही आणि सेक्रेटरी एकाच कलमाखाली शेजारी शेजारी उभे आहात. तोवर म्हणायचं तेवढं म्हणून घ्या.

पाटीचा मजकूर मला आवडला. खोटं कशाला बोलू, मोठ्यानं हसले. पण ती लावू नका. पुणेरी असली तरी ती अधिकृत सूचना नाही, आणि तीत मताचा उल्लेख आहे. शिवाय ती तुम्ही लिहिली हे शेंबडं पोर सांगेल.

आणि कंदील. बाल्कनीतून क्लबहाऊस समोर दिसतं म्हणता, म्हणजे क्लबहाऊसमधूनही तुमची बाल्कनी समोर दिसते. रांगेत उभ्या माणसाला दुसरं बघायलाच काही नसतं. तुमच्या कंदिलावर त्या इच्छुकाचं चिन्ह आहे, त्याला तिकीट मिळो न मिळो चिन्ह पक्षाचं आहे, आणि बुधवारी तो कंदील म्हणजे शंभर मीटरच्या आत खासगी जागेत लावलेली खूण. पत्रात सेक्रेटरींवर पानभर आणि कंदिलावर दोन ओळी, त्याही ताज्या कलमात! तुम्ही मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. आपल्या बाल्कनीतलं आपल्याला दिसत नाही एवढंच.

तक्रारीचं म्हणाल तर सी-व्हिजिल ॲप आहे, फोटो किंवा व्हिडिओ काढून पाठवायचा, शंभर मिनिटांत दखल घ्यायची अशी त्याची रचना आहे, नावही सांगावं लागत नाही. १९५० हा फोन नंबरही आहे. पण ज्या माणसानं रात्री दोन वाजता तुमच्यासाठी गाडी काढली त्याचा फोटो तुम्ही पडद्याआडून काढावा हे मला पटत नाही. आधी तोंडावर सांगा. मग बुधवारी तरीही पातेलं पायरीवर आलंच, तर सरळ चालत जाऊन केंद्राध्यक्षांना सांगा, सेक्रेटरींना दिसेल असं. तिथे मैत्री आडवी आणू नका.

तोंडावर कसं सांगायचं हे मी एका कारकुनाकडून शिकले. एका निवडणुकीत आमच्या वर्गात एक आजोबा आले, इस्त्रीचा कोट, कोटाला पक्षाचा चिमुकला बिल्ला. दिवाळसणाला निघाल्यासारखे सजून आलेले. समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी बाकावरून उठून ओरडायला लागला, "हा प्रचार आहे, बाहेर काढा यांना!" आमचे केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातले, दिवसभरात त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. ते उठले, आधी त्या ओरडणाऱ्याला म्हणाले, "तुम्ही खाली बसा. बिल्ल्याला अडीचशे रुपये आहेत, केंद्रात आरडाओरड्याला तीन महिने आहेत." मग आजोबांकडे वळून म्हणाले, "कोट फार सुरेख आहे. इथे शाईचं काम आहे, डाग पडेल. माझ्या खुर्चीवर ठेवू का? मी लक्ष ठेवतो." आजोबांना कळलं. त्यांनी कोट काढून दिला, शर्टावर मत दिलं, बोटाची शाई फुंकत परत आले, आणि केंद्राध्यक्षांनी कोट मागून धरून त्यांच्या अंगात घातला. कायदा शंभर टक्के पाळला गेला आणि आजोबांची मान खाली गेली नाही. तो ओरडणारा मात्र संध्याकाळपर्यंत यंत्राकडे बघत बसला.

तेव्हा असं करा. शुक्रवारी १५ ला त्रिपुरी पौर्णिमा आहे, तोवर कंदील राहू दे, सौ.ना वाचायला उजेड हवा. शनिवारी सकाळी तो उतरवा आणि हातात घेऊनच सेक्रेटरींकडे जा. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका, कमिटीपुढे मांडू नका. चारचौघांत माघार घेणं पुण्यात कोणाला जमलेलं नाही. त्यांच्या टीपॉयवर कंदील ठेवा आणि म्हणा, "हा माझा गुन्हा. अडीचशे रुपयांचा. आता तुमचे मोजू." मग मंगळवारच्या गाण्यापासून सुरुवात करा, कारण तिथे दोन वर्षं आहेत, पोह्यांवर शेवटी या.

आणि नुसतं नको-नको करून उठू नका. त्या माणसाला काम हवं आहे. पथक मंगळवारी येईल तेव्हा संडासाची किल्ली, पाणी, जादा दिवा, पंखा, प्लगपॉईंट लागतात. आम्हाला एका शाळेत रात्री नऊ वाजता बल्ब शोधत फिरावं लागलं होतं. पायरीला फळीचा उतार लागेल, एक चाकाची खुर्ची लागेल, लिफ्ट बंद पडली तर माणूस लागेल. केंद्रात मोबाईल आणू देत नाहीत, तेव्हा फोन घरीच ठेवा आणि ओळखपत्र घेऊन उतरा, ही सूचना तिन्ही इमारतींत आधीच फिरवायला हवी. बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं दिलेली नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हेही. हे सगळं करताना कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. पथकाला चहा द्यायची हौस असेल तर आधी केंद्राध्यक्षांना विचारा. पक्षाच्या माणसाचा पाहुणचार आम्ही कधी घेतला नाही, तेही घेणार नाहीत.

पोहे गुरुवारी करा. २१ तारखेला तिथे मतदान नाही आणि निकाल शनिवारी आहे, त्यामुळे तुम्ही दोघंही अजून जिंकलेलेच असाल. सेक्रेटरींना म्हणावं पातेलं तेवढंच मोठं ठेवा, आणि लिंबाची फोड विसरू नका.

– तुमची ताई